लोहचुंबक तरंगला होता

मे महिन्याच्या शेवटाला आमच्या किनाऱ्यावर घराघरांत आगोट सुरू होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. कोकमाची सोलं उन्हात कडक होतात, सुके बांगडे डब्यात जातात, मिठाच्या बरणीला फडकं बांधलं जातं, आणि जे जे म्हणून ओल धरेल ते ते वाळवून, झाकून, उंच फळीवर चढवलं जातं. यंदाही मी तेच करत होते. पापडांच्या डब्याचं झाकण बसेना. त्यावर मी इतक्या जोराने हात मारला की सून आतून धावत आली. तिला वाटलं, काहीतरी पडलं. काही पडलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो पापडांच्या डब्याचा नव्हता.

हवा चिकट व्हायला लागली की हा राग येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही. तो निवावा अशी माझी फारशी इच्छाही नाही, कारण त्या अठ्ठ्याऐंशी सालच्या हंगामातलं बाकी सगळं लोकांनी सोयीने विसरून टाकलंय. माझा राग तेवढा शाबूत आहे.

मी तेव्हा मालवण आणि देवगडच्या मधल्या एका सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळी माळावरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. तात्पुरत्या नेमणुकीवर. माझे यजमान त्याच कॉलेजात फिजिक्सला होते, कायम. इथे लिहिताना त्यांना मनोहर म्हणते. घरात अजूनही 'अहो'च आहे. कॉलेजचं नाव घेत नाही. इमारत तीच आहे, पाटी बदलली आहे, आणि ज्यांच्यावर मी रागावले आहे त्यांतले बहुतेक आता फोटोत आहेत.

आदल्या वर्षी वर्तमानपत्रांत एका काळ्या, खापरासारख्या पदार्थाच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. तारेतून वीज जाते तेव्हा तार तिला विरोध करते, तापते, वाटेत थोडी वीज वाया जाते. काही धातू भयंकर थंड केले की हा विरोध एकदम शून्य होतो हे जुनंच ज्ञान. पण तेवढी थंडी आणणारा द्रवरूप हेलियम आमच्यासारख्यांनी फक्त पुस्तकात वाचायचा. नवी गोष्ट अशी की आता एक सिरॅमिक सापडलं होतं. म्हणजे कपबशीच्या जातीचं, विजेच्या खांबावरच्या पांढऱ्या चिनीमातीच्या जातीचं. खांबावर ती चिनीमाती बसवतात ती वीज अडवायला. आणि तिचीच ही काळी बहीण, द्रवरूप नायट्रोजनात बुडवली की वीज बिनविरोध जाऊ देत होती, शिवाय लोहचुंबकाला ढकलून अधांतरी धरत होती. पेपरवाले तरंगत्या रेल्वेगाड्यांची चित्रं छापत होते. आमच्याकडे तेव्हा जमिनीवरून धावणारी रेल्वेसुद्धा नव्हती. नांदगावला स्टेशन झालं ते पुष्कळ नंतर.

नायट्रोजन मात्र आमच्याकडे होता. गुरांच्या दवाखान्यात. वळूचं वीर्य गोठवून ठेवायला तिथे तो मोठ्या कॅनमध्ये येतो. बातमी वाचून झाल्यावर मनोहरनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "डॉक्टर गावडे." लग्नाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील. एकाच क्षणी एकच गोष्ट सुचणं म्हणजे काय असतं ते मला त्या सकाळी कळलं. त्यामुळे पुढचं जास्त लागलं.

यट्रियम ऑक्साइडची छोटी बाटली माझ्या मुंबईतल्या वर्गमैत्रिणीने मिळवून दिली. बेरियम कार्बोनेट आणि कॉपर ऑक्साइड कॉलेजच्या कपाटात होतंच. दोन पांढऱ्या पुडी आणि एक काळी. अकीकाच्या खलात मी ती घोटत बसायची. बाहेर सड्यावर ऊन इतकं की काजूची बोंडं झाडावरच शिजल्यासारखा वास यायचा, आणि आत मी तोंडाला पदर बांधून खल फिरवत असायची, कारण बेरियम कार्बोनेट पोटात जाणं बरं नव्हे. उंदीर मारायला वापरतात ते. करडी पूड एकजीव झाली की भट्टीत. नऊशेच्या वर तापमान, तासन्‌तास. मग पुन्हा खल, पुन्हा भट्टी. मग ट्रकच्या जॅकने साच्यात दाबून तिची रुपयाएवढी चकती, आणि शेवटची भाजणी.

पहिली चकती हिरवी निघाली. शेवाळासारखी. तीनही द्रव्यं होती, प्रमाणही बरोबर होतं, पण नीट मिसळली नव्हती, त्यामुळे भलताच पदार्थ तयार झाला होता. दुसरी काळी निघाली, पण मनोहरनी ती घाईने बाहेर काढली होती. ह्या पदार्थाचं सगळं गुपित त्याच्या पोटातल्या प्राणवायूत आहे. भट्टीत तो प्राणवायू गमावतो, आणि हळूहळू निववला, निवताना वरून प्राणवायू सोडत राहिला, तर तो परत आत घेतो. घाई केली तर हातात येतं ते नुसतं खापर. बंदरावर ट्रॉलर दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपातून आम्ही वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आणला, आणि तिसऱ्या वेळी भट्टी इतकी सावकाश निववली की मनोहर म्हणाले, मुलाला झोपवतानाही तू एवढा धीर धरत नाहीस.

डॉक्टर गावडे वेंगुर्ल्याचे, सडेतोड माणूस. छोट्या थर्मासमधून नायट्रोजन घेऊन आले आणि आधीच बजावलं, "बाई, जपून वापरा. एका म्हशीचो माज फुकट गेलो तर मालक माका सोडूचो नाय."

लोहचुंबक आम्ही माझ्या दर्यावर्दी भावाने परदेशातून आणलेल्या वॉकमनच्या इयरफोनमधून काढला होता, मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा. थर्माकोलच्या कपात चकती ठेवली. डॉक्टरांनी नायट्रोजन ओतला. तो आधी चरचरत उकळला, पांढरी वाफ टेबलावरून खाली पायांवर उतरली, मग तो शांत झाला. मनोहरनी चिमट्याने लोहचुंबक चकतीवर सोडला.

तो खाली टेकला नाही.

नखाएवढं अंतर. वर काही नाही, खाली काही नाही, मध्ये तो. मी आगकाडीने त्याला हळूच ढकललं तर तो जागच्या जागी गरगर फिरला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मनोहरनी माझा हात धरला, डॉक्टरांच्या देखत, जे ते घरातसुद्धा करत नसत. नायट्रोजन संपला तसा लोहचुंबक सावकाश खाली उतरला आणि चकतीवर बसला. आम्ही पुन्हा ओतला. तो पुन्हा उचलला गेला. हे आम्ही तिघांनी बघितलं, मे महिन्यात, भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी.

इथे थांबता आलं असतं तर हा सुखाचा लेख झाला असता.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे अण्णासाहेब म्हणत. शिकलेले, वकील, गोड बोलणारे. मनोहरनी दुसऱ्याच दिवशी त्यांना सांगितलं. मला वाटत होतं, ते प्रयोग बघायला येतील. ते आले नाहीत. त्यांनी ठरवलं की जुलैत विज्ञान विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे, मंत्री येणार आहेत, हा चमत्कार तिथेच दाखवायचा. 'चमत्कार' हा शब्द त्यांचा. आणि तोवर चकती आपल्या ऑफिसात ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे.

मी चकती डेसिकेटरमध्ये घालून नेली. जाड काचेची बरणी असते, झाकणाला ग्रीस, तळाला सिलिका जेलचे निळे खडे. ओलावा शोषला की खडे गुलाबी होतात, मग ते तापवून परत निळे करायचे. मी त्यांना नीट समजावलं. ह्या चकतीचा पाण्याशी उभा दावा आहे. नुसत्या दमट हवेनेही तिच्यातला बेरियम सुटा होतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला जाऊन मिळतो, आणि चकतीवर पांढरी बुरशी धरल्यासारखं बेरियम कार्बोनेट जमतं. म्हणजे ज्या पांढऱ्या पुडीपासून सुरुवात केली तीच परत. पावसाळ्यात ही बरणीबाहेर एक आठवडाही ठेवू नका.

अण्णासाहेब ऐकून हसले. म्हणाले, "बाई, ह्या बरणीत ती लोणच्यासारखी दिसते हो."

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा चकती त्यांच्या काचेच्या कपाटात, खेळातल्या ढालींच्या शेजारी, लाल मखमलीवर होती. बरणी खाली जमिनीवर, तिच्यात छत्र्या उभ्या केलेल्या. मी पुन्हा सांगितलं. प्राचार्यांनाही सांगितलं, ते म्हणाले, अण्णासाहेबांच्या कपाटाला मी कसा हात लावू. नंतर एकदा गेले तर चकतीला हळदकुंकू लावलेलं होतं आणि वर जास्वंदीचं ओलं फूल. शिपायाने सांगितलं, साहेबांनी ऑफिसची पूजा घातली, तेव्हा शास्त्राचं म्हणून तिच्यावरही पाणी शिंपडलं. मी घरी येऊन रडले. शास्त्राचं म्हणून. ज्या मुलखात प्रत्येक घरात माणसं पापडाची आणि आमसुलाची एवढी काळजी घेतात, तिथे त्या चकतीची कोणाला पर्वा नव्हती.

मनोहर म्हणाले, जाऊ दे, काळी आसा अजून. मी म्हटलं, फक्त वरून.

आषाढातला तो दिवस. नव्या इमारतीच्या हॉलला अजून दारं बसायची होती, त्यामुळे पावसाची झड आत येत होती आणि पुढच्या रांगांतल्या खुर्च्या सारख्या मागे सरकत होत्या. मंत्री फार उशिरा आले. डॉक्टर गावड्यांचा नायट्रोजन थर्मासमधून उडून चालला होता आणि ते दर थोड्या वेळाने झाकण उघडून आत बघत होते. चकती माझ्या हातात दिली गेली ती कार्यक्रम सुरू होताना. करडी पडली होती. कडांना पांढरी पूड, आणि ती बोटाला लागत होती.

मी मनोहरना म्हटलं, ही मेली. त्यांनीही बघितलं, त्यांनाही कळलं. ते स्टेजवर जाऊन अण्णासाहेबांच्या कानात काहीतरी बोलले. अण्णासाहेब न हसता म्हणाले, ते मी ओठांवरून वाचलं, आता दाखवाच.

मनोहरनी दाखवला. नायट्रोजन ओतला, वाफ आली, लोकांनी माना उंच केल्या. लोहचुंबक सोडला. तो चकतीवर पडला आणि पडून राहिला. उचलून पुन्हा सोडला. पुन्हा पडला.

मंत्री माईक घेऊन म्हणाले, "तरंगायचं कसं ते आम्हाला विचारायचं होतं, प्रोफेसर. आम्ही बिननायट्रोजनचे तरंगतो." सगळा हॉल हसला. पोरं हसली, प्राध्यापक हसले, प्राचार्य हसले. हसण्याचा मला राग नाही, वाक्य चांगलं होतं. राग आला तो पुढच्याचा. अण्णासाहेबांनी माईक मनोहरपुढे धरला आणि सर्वांदेखत विचारलं, की हा प्रयोग पूर्वी खरंच यशस्वी झाला होता का, का आपला काही समज झाला होता. चकती समोर कपात होती, माझ्या बोटांना पांढरी पूड होती, मी उठले. मनोहरनी माझ्याकडे बघितलं नाही. ते शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाले, "आमच्या निरीक्षणात चूक झाली असावी. उत्साहाच्या भरात तसं वाटलं असेल."

मी उभी होते. चहाची घोषणा झाली.

पावसातून आम्ही घरी आलो. ओटीवर छत्री ठेवून मी विचारलं, "तुमी तसा कित्याक सांगितलात?"

ते म्हणाले, "तुजी ऑर्डर अजून येवक नाय."

"माका इचारलात?"

ते पाय धुवायला मागच्या दारी गेले. माझी कायम नेमणूक अण्णासाहेबांच्या सहीवर अडली होती हे खरं, आणि त्या सहीसाठी ते खोटं बोलले हेही खरं. लोक म्हणतील, बायकोसाठी मान खाली घातली, किती मोठं मन. माझ्यासाठी म्हणून माझ्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं ठरवायचं, आणि मी त्याबद्दल ऋणी राहायचं. ह्या हिशेबाचा मला त्या दिवशी जो संताप आला तो अण्णासाहेबांवरच्या संतापापेक्षा मोठा होता. अण्णासाहेबांना कपाटात काय आहे ते माहीतच नव्हतं. ह्यांना माहीत होतं.

ऑर्डर आली. श्रावणात. मी ती घेतली आणि ती घेतल्याची मला लाज वाटली नाही. ती नोकरी मी माझ्या शिकवण्यावर मिळवली होती. पण त्या पावसाळ्यात बाजारात मनोहरचं नाव 'तरंगते सर' पडलं. ते मासळी घ्यायला गेले की कोणीतरी मागून विचारायचं, "काय सर, आज तरंगलो काय?" ते हसून पुढे जायचे. घरी आल्यावर जेवायचे नाहीत. मला दया येत होती आणि मी ती दाखवत नव्हते. कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल आली होती, काडेपेटीतल्या काड्या पेटत नव्हत्या, आणि एका घरात दोन माणसं मीठ वाढतानासुद्धा शब्द मोजून वापरत होती. कपाटात परत गेलेल्या त्या चकतीचा मखमलीवर पुढे भुगा झाला. शिपायाने तो झाडून टाकला.

दिवाळी झाली. उत्तरेकडून वारा सुटला, हवा हलकी झाली. यट्रियम ऑक्साइड बाटलीच्या तळाशी एका चकतीपुरतं उरलं होतं. कोणाला न विचारता मी खल काढला. दोन दिवस एकटी घोटत होते. खल घोटणं हे रागासाठी बरं काम आहे. राग वाया जात नाही. भट्टी लावली त्या दिवशी मनोहर येऊन स्टुलावर बसले आणि व्होल्टेज खालीवर होईल तसं बटण फिरवत राहिले. मी त्यांना बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. निववायची वेळ आली तेव्हा सिलिंडरची कळ त्यांनी इतकी हळू फिरवली की ती फिरताना दिसत नव्हती.

चकती काळीभोर निघाली. मी ती सरळ डेसिकेटरमध्ये घातली, आणि बरणी घरी नेली.

मग मी अण्णासाहेबांकडे गेले. म्हटलं, चकती तयार आहे, हॉल द्या, लोकांना बोलवा. ते म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, बाई. आता कशाला?"

मी म्हटलं, "गंगेला काही मिळालं नाही. ते तुमच्या कपाटात सडलं."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग म्हणाले, हॉल मिळणार नाही, कॉलेजच्या आवारात कुठेच हा खेळ होणार नाही, आणि ऑर्डरवर सही कोणाची आहे ते विसरू नका. मी विसरले नव्हते. पण सही मागे घेता येत नाही, एवढं कायद्याचं ज्ञान त्यांच्याइतकंच मलाही होतं.

डॉक्टर गावडे म्हणाले, माझो दवाखानो आसा. मार्गशीर्षातली थंडीची सकाळ होती. गुरांच्या दवाखान्याच्या अंगणात एका लाकडी बाकावर मी थर्माकोलचा कप ठेवला. माझे एस. वाय.चे विद्यार्थी आले होते, कॉलेज चुकवून. म्हशी घेऊन आलेले लोक होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण वाफ बघून ते जवळ आले. मनोहर फाटकाजवळ उभे होते. डॉक्टरांनी नायट्रोजन ओतला, मी लोहचुंबक सोडला, आणि तो तिथेच, नखाएवढ्या अंतरावर, थांबला. पोरं बाकाभोवती दाटली. एका बाईने आपल्या म्हशीचं दावं दुसऱ्याच्या हातात दिलं आणि खाली वाकून चकती आणि लोहचुंबक ह्यांच्यामधून पलीकडे बघितलं. मला विचारलं, ह्याचो उपयोग काय? मी म्हटलं, अजून काय नाय. तिला ते पटलं. ती बघतच राहिली.

मी फाटकाकडे वळले. "हंय येवा," मी म्हटलं. मनोहर आले. गर्दीने वाट दिली. तिथल्या अर्ध्या लोकांनी त्यांना बाजारात 'तरंगते सर' म्हणून हाक मारलेली होती.

"काय दिसतां ता मोठ्यान सांगा."

त्यांनी वाकून लोहचुंबकाकडे बघितलं. मग म्हणाले, "लोहचुंबक तरंगता." आणि मी काही न विचारता, आणखी मोठ्याने, "मे म्हयन्यातय तरंगलो होतो. मी माज्या डोळ्यांनी बघलंय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, मगे आधी तसा सांगूचा. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. कारण तेच. बोलले ते खरं, पण जिथे बोलायला हवं होतं तिथे नव्हे, आणि ज्यांच्यापुढे बोलायला हवं होतं ते त्या वेळी ऑफिसात चहा घेत होते.

पुढे काही झालं नाही. तरंगत्या गाड्या आमच्याकडे आल्या नाहीत. ती काळी खापरं ठिसूळ, त्यांच्या तारा काढणं कठीण, ओलीशी वैर. जगभरच्या प्रयोगशाळांना त्या पदार्थाने पुढे पुष्कळ छळलं असं वाचत राहिले. मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. निवृत्तीच्या दिवशी त्याच हॉलमध्ये माझा सत्कार झाला, आणि भाषणं करणाऱ्यांपैकी एकालाही त्या चकतीची आठवण नव्हती. विसरणाऱ्यांचा मला राग येत नाही असं म्हणणं मोठेपणाचं दिसलं असतं. येतो.

मनोहर आता ऐंशीच्या घरात आहेत. घरी कोणी पाहुणा आला, की ते ही गोष्ट सांगतात, आणि छान सांगतात. आवाज खाली नेतात, हाताने वाफ दाखवतात, डॉक्टर गावड्यांची नक्कल करतात. सुरुवात नेहमी गुरांच्या दवाखान्यापासून करतात. थंडीची सकाळ, अंगणातला बाक, म्हशी. पाहुणे रंगून ऐकतात. मी चहाचे कप त्यांच्यापुढे ठेवते, खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "त्याच्या आधी काय झालां ता मी सांगतंय."

मनोहर कप उचलतात, पीत नाहीत. मग मी त्या हॉलपासून सुरू करते.